कडूबाईनं मोडलेला शब्द

कडूबाई आयुष्यात एकदाच खोटं बोलली, असं तिचं स्वतःचं म्हणणं आहे. तिच्या नवऱ्याला, मच्छिंद्रला विचारलं तर तो नुसता मान खाली घालून हसतो. पण ते एक खोटं मोठं कामाचं निघालं. त्याच्या जोरावर एका पोरीची शाळा नऊ वर्षं चालली, आणि मग त्याच खोट्यापायी ती बंद पडायची वेळ आली. तेव्हा कडूबाईनं जे केलं ते वस्तीवर अजून कौतुकानं सांगतात, पण सांगायचं तर थोडं आधीपासून सांगायला हवं.

कडूबाईचं घर देवळाली प्रवरेला, कालव्याच्या कडेच्या वस्तीवर. चहूकडं ऊस. माहेर मात्र पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातलं, जिथं ऊस कुणी लावत नाही आणि तोडायला मात्र सगळं गाव जातं. दसरा-दिवाळी झाली की तिकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये संसार चढतात, घरांना कुलपं लागतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता होऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. म्हातारी माणसं मागं राहतात. पोरं राहतात की जातात, हे प्रत्येक घरी दरसाल नव्यानं ठरतं. कडूबाई आणि मच्छिंद्र हेही असेच कोयता म्हणून देवळालीला आले होते. इथल्या एका बागायतदारानं मच्छिंद्रला सालानं ठेवून घेतलं आणि दोघं इथलेच झाले. आता मच्छिंद्र दुधाचा टेम्पो चालवतो, कडूबाई शेळ्या सांभाळते आणि कांद्याच्या दिवसांत लोकांच्या रानात जाते.

तिच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीनं हिचं नाव कडू ठेवलं. नाव ऐकूनच देवानं तोंड फिरवावं, असा म्हातारीचा बेत. देवानं तोंड फिरवलं की नाही कोण जाणे, पण पोरगी जगली, आणि चांगली खणखणीत जगली. तिनं हाक मारली की कालव्यापलीकडची माणसंही वळून बघतात.

आई-बाप ऊसतोडीला जायचे तेव्हा लहानग्या कडूला काष्टीला मामाकडं ठेवलं होतं. शाळेसाठी, असं सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांना ते खरंही वाटत होतं. मामी वाईट नव्हती, उगाच तिला नावं ठेवायला नकोत. ताटात कधी कमी वाढलं नाही तिनं. पण मामीला तान्हं मूल होतं, गोठ्यात जनावरं होती, आणि घरात एक रिकामी पोरगी आयती आली होती. “आजच्या दिवस धर गं बाळाला,” असं मामी रोज म्हणायची. मग कडू बाळाला कडेवर घेऊन शाळेकडं जायची आणि खिडकीखाली बसून आतले पाढे ऐकायची. एकदा गुरुजींनी तिला बाळासकट आत घेतलं. सातच्या पाढ्याला बाळानं असा गळा काढला, की दोघांनाही परत बाहेर यावं लागलं. हजेरीत तिचं नाव वर्षभर होतं. पाढे तिला बारापर्यंत येतात, ते सगळे खिडकीबाहेरून आलेले. वाचायला मात्र धड येत नाही, कारण खिडकीखालून फळा दिसत नव्हता.

म्हणून लेकराला नातलगाकडं ठेवलं की ते शिकतंच, असं कुणी म्हणालं की कडूबाई फणकारते. कुठं ठेवलं यापेक्षा कशाला ठेवलं, हे ती आधी विचारते.

नऊ वर्षांपूर्वी ती दिवाळीला माहेरी गेली होती. धाकटा भाऊ भिमाजी आणि भावजय रंगुबाई यांची निघायची गडबड चालली होती. त्यांची थोरली लेक पंकजा तेव्हा तिसरीत. भेळेचा कागद हातात आला तरी भेळ बाजूला ठेवून तो वाचणारी पोरगी. धाकटी राजनंदिनी अजून पाळण्यात. आई-बाप फडात ऊस तोडणार, तर पाचटाच्या कोपीत, त्या झोपडीत, बाळाला झोका कोण देणार? पंकजा देणार. हे इतकं उघड होतं की त्यावर घरात कुणी बोलतही नव्हतं. पंकजाचं दप्तर खुंटीला टांगून झालं होतं. कडूबाईनं ते दप्तर बघितलं आणि तिला सातचा पाढा आठवला.

“भिमा, पंकीला मी नेते,” ती म्हणाली. “आमच्याकडं शाळा हाकेच्या अंतरावर हाय.”

“नगं अक्का. दुसऱ्याच्या दारात पोर ठेवायची म्हंजी काय? आमाला काय तिचे दोन घास जड झाल्यात?”

“मी दुसरी व्हय रं?”

“तू न्हाईस. पर घर दाजींचं हाय. उद्या कुनी काय बोललं तर माज्या पोरीनं कुठं बघायचं?”

कडूबाईनं विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, थोडं रडूनही पाहिलं. भिमाजी काही हलेना. तो दुष्ट नव्हता. त्याला लेक जवळ हवी होती आणि बहिणीचे उपकार नको होते, एवढंच. शेवटी कडूबाईच्या तोंडून ते निघून गेलं.

“आरं, दुसऱ्याचं घर कसलं? माज्या वैजूची बायकू हाय ती. मामाची पोर, पैला हक्क आमचा. मी माजी सून माज्या घरी नेतीय, आन तू मला अडवतूस?”

वैजू म्हणजे वैजनाथ, कडूबाईचा एकुलता एक मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा. तो त्या वेळी अंगणात फुसके फटाके गोळा करत होता आणि आपलं लग्न ठरल्याचा त्याला पत्ताही नव्हता. पण भिमाजीचा चेहरा उजळला. आत्याच्या पोरानं मामाची पोरगी करायची, ही तिकडची जुनी रीत. भिमाजीला मुलगा नव्हता, आणि सख्खा भाचा जावई होतोय म्हटल्यावर त्याला आणखी काय हवं होतं? पोरगी आता दुसऱ्याच्या दारात नव्हती, स्वतःच्या घरी चालली होती. बाळासाठी रंगुबाईच्या एका मावशीला सोबत घ्यायचं ठरलं. रंगुबाई काही बोलली नाही. तिनं खुंटीवरचं दप्तर काढलं आणि लेकीच्या पाठीवर अडकवलं.

ते बोलताना कडूबाईच्या मनात ना सून होती, ना वैजू. मनात फक्त ती काष्टीची खिडकी होती. शब्द तोंडातून गेला, काम झालं, पुढचं पुढं बघू असं म्हणून ती मोकळी झाली.

इथून पुढं सगळं गोडच झालं असतं तर कडूबाईची पूजाच घालायला हवी होती. पण पंकजा येऊन आठवडा झाला नसेल, तोवर घरची शेळी व्यायला आली. कडूबाईला बाजाराला जायचं होतं. “पंके, आजच्या दिवस शेळीकडं बघ गं,” असं म्हणून ती पिशवी घेऊन निघून गेली. दुपारी परत येऊन बघते तर पंकजा गणवेश घालून, वेण्या घालून, दप्तर पाठीवर तसंच ठेवून शेळीपाशी बसलेली. समोर दोन करडं धडपडत उभी राहायला बघत होती.

“आत्या, दोन झाली,” ती म्हणाली. “आता जाऊ का शाळंत?”

शाळा तोवर सुटली होती. कडूबाईच्या हातातली पिशवी खाली गेली. ‘आजच्या दिवस’ हे मामीचे शब्द आपल्या तोंडात कधी येऊन बसले, हे तिला कळलंच नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. पोरीला पोटाशी धरून ती रडली, आणि पंकजा बिचारी तिला समजावत राहिली, की करडं चांगली आहेत, रडायला काही झालेलं नाही.

त्या दिवसापासून घरात कायदा झाला. शाळेच्या वेळेत पंकजाला काम सांगायचं नाही. शेळी व्याली, पाहुणे आले, कालवा फुटला, तरी सांगायचं नाही. मच्छिंद्रला तर सकाळच्या वेळी तिच्याकडं पाण्याचा तांब्या मागायचीही चोरी झाली. शाळा सुटल्यावर मात्र तिला भांडी होती, शेण होतं, आणि वैजूलाही होतं. कडूबाईकडं आयतं कुणालाच मिळत नाही.

पंकजा शिकत गेली. चौथीत ती कडूबाईला बाजारातल्या पाट्या वाचून दाखवायची, सातवीत मच्छिंद्रच्या दुधाचा हिशोब तोंडी सांगायची, दहावीत तिनं वस्तीवरच्या सगळ्यांना मागं टाकलं. वैजूचं आणि तिचं रोज भांडण. भाकरीच्या पापुद्र्यावरून भांडण, टीव्हीवरून भांडण, सायकलची चेन कुणी पाडली यावरून भांडण. पण तिला रस्त्यात कुणी काही बोललं की तोच वैजू हातातलं काम टाकून धावत जायचा.

एकच दिवस असा यायचा की घरात अवघडल्यासारखं व्हायचं, तो भाऊबीजेचा. पंकजाला भाऊ नाही आणि वैजूला बहीण नाही. दोघं एका घरात, एका ताटाजवळ. तरी पंकजानं वैजूला ओवाळायचं नाही, कारण एकदा ओवाळलं की तो भाऊ झाला, आणि मग कसलं लग्न? भिमाजीला दिलेला शब्द कडूबाईला आठवायचा आणि ती तोंड मिटून घ्यायची. भाऊ नसलेली मुलगी चंद्राला ओवाळते, तशी पंकजा संध्याकाळी अंगणात जाऊन चंद्राच्या कोरीला ओवाळायची. वैजू लहान होता तेव्हा विचारायचा, “तिला एवढ्या लांबच्याला ओवाळता येतं, मी तर हितंच हाय. माज्या कपाळाला काय झालंय?” कडूबाई त्याला करंजी द्यायची आणि गप्प करायची.

खोट्याचं असं असतं, की आपण ते विसरलो तरी लोक विसरत नाहीत. पंकजा नववीत गेली तोवर साऱ्या वस्तीला माहीत झालं होतं, की ही कडूबाईची होणारी सून. वर्गातल्या मुली चिडवायच्या. त्या वर्षी पहिल्यांदा तिला गणितात कमी मार्क पडले. कडूबाईनं कारण विचारलं, तर ती चुलीपुढं बसल्या बसल्या शांतपणे म्हणाली, “आत्या, मी एवढं शिकून काय करायचंय? माजं तर ठरलंय म्हनत्यात.” कडूबाईला वाटलं, कुणीतरी आपलाच हात धरून आपल्या मुस्काटात मारली. ज्या शब्दानं पोरीला शाळेत बसवलं तोच आता तिला उठवत होता.

“काय ठरलं न्हाई,” ती म्हणाली. “तू आदी शिक. बाकीचं माज्यावर सोड.”

पंकजानं ते तिच्यावर सोडलं आणि पुन्हा पुस्तक उघडलं. कडूबाईनं मात्र ते पुढच्या दिवाळीवर ढकललं, मग त्याच्या पुढच्या. भिमाजीला तोंडावर कसं सांगायचं, हेच तिला सुचेना. बोलायला आपण कुणाच्या बापाला भीत नाही असं म्हणणारी कडूबाई, पण धाकट्या भावासमोर तिची जीभ टाळूला चिकटायची.

पंकजा बारावी सायन्सला गेली. राहुरीच्या कृषी विद्यापीठात शेतीची पदवी घ्यायची, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. शाळेच्या सहलीत तिनं तिथली झाडं, माती तपासायची खोली, पांढऱ्या कोटातल्या मुली बघितल्या होत्या, आणि त्यांच्याबद्दल ती घरात इतकं बोलली होती की मच्छिंद्रलाही त्या पाठ झाल्या होत्या. प्रवेश परीक्षा उन्हाळ्यात होती. आणि दिवाळीच्या तोंडावर भिमाजीचा फोन आला.

“अक्का, आमची टोळी ह्या बारीला भाऊबीजेलाच निघतीय. तुज्या दारावरनंच जानार हाय. येताना सुपारी घिऊन येतो. चार जानती मानसं बरूबर हायेत, तिथंच फोडू. कारखाना बंद झाला की वैशाखात बार उडवून टाकू. लोकं इचारत्यात गं, एवढी मोठी पोर बिनलग्नाची सासरी कशी ऱ्हाती म्हनून. मला तोंड वर करता येत न्हाई.”

कडूबाईनं “बरं” म्हटलं आणि फोन ठेवून दिला. मग तिनं मच्छिंद्रला विचारलं. तो म्हणाला, “शबूद तू दिलास. मोडायचा तर तूच मोड. पळून जायचं असंल तर सांग, टेम्पोत डिझेल भरून ठिवतो.” तिनं वैजूला विचारलं. वैजू आता मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला होता. तो म्हणाला, “आई, तिनं मला पवायला शिकवते म्हनून कालव्यात ढकललं हुतं. लगीन केलं तर मी वाचंन का?” आणि मग हसू आवरून म्हणाला, “भन हाय ती माजी. दुसरं काय मनात येतच न्हाई.”

शेवटी तिनं पंकजाला विचारलं. पंकजा वहीची कड दुमडत म्हणाली, “तू म्हनशील तसं, आत्या.”

हे ऐकून दुसरी एखादी आत्या सुखावली असती. कडूबाई मात्र धास्तावली. हे उत्तर तिला ओळखीचं होतं. काष्टीला बाळ कडेवर देताना मामी विचारायची, “धरशील ना गं?” आणि कडू म्हणायची, “तू म्हनशील तसं, मामी.” ज्या घरात आपण वाढतो त्या घराला नाही म्हणायची सोय लेकराला नसते. नाही म्हणायचं ते मोठ्या माणसानंच म्हणायला हवं. कडूबाईनं त्याच क्षणी ठरवलं, की आता पुढची दिवाळी नाही.

भाऊबीजेच्या सकाळी ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, त्यात माणसं, बोचकी, चुली, शेळ्या, एक कोंबड्यांची पाटी. कडूबाईनं मोठ्या पातेल्यात चहा ठेवलाच होता. माहेरची माणसं खाली उतरली, अंगणात बसली, कुणी कडूबाईच्या पाया पडलं, कुणाच्या ती पडली. टोळीचा मुकादम हनुमंतनाना सगळ्यांत वडीलधारा. त्याच्या खिशात सुपारी होती आणि तोंडावर मोठ्या कामाला आल्याचा भाव होता. भिमाजी धुतलेले कपडे घालून आला होता. रंगुबाईच्या मागं राजनंदिनी. ती आता चौथीत, म्हणजे दिवाळीपर्यंत चौथीत. तिचं दप्तर ट्रॉलीच्या आकड्याला घागरीशेजारी लटकत होतं. कोपीवर शाळा नसते हे तिला ठाऊक होतं, तरी तिनं ते आणलं होतं.

कडूबाईनं पाट मांडला. भिमाजीला बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. त्यानं ताटात लुगडं ठेवलं, बहिणीच्या पाया पडला आणि उठून म्हणाला, “नाना, काडा आता सुपारी.”

“थांब,” कडूबाई म्हणाली. “पाट अजून उचलला न्हाई. वैजू, बस.”

वैजू नवा शर्ट घालून आलाच. पाटावर बसला आणि टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल घातला. बायकांना सगळ्यांत आधी कळलं.

“अक्का, काय करतीस?” भिमाजी म्हणाला.

“भाऊबीज हाय. तीच करतीय.” तिनं ताट पंकजाच्या हातात दिलं. पंकजानं बापाकडं बघितलं, मग आत्याकडं. कडूबाई तिच्याजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. “पंके, तुज्या मनात असंल तरच. मी म्हनते म्हनून न्हाई. ह्या घरचं खाल्लंस म्हनूनबी न्हाई. ते खाल्लेलं कवाच फिटलं. मनात नसंल तर ताट माज्याकडं दे, नाना सुपारी फोडत्याल.”

पंकजानं ताट दिलं नाही. ती वाकली, वैजूच्या कपाळाला चांगलं ठसठशीत कुंकू लावलं, वर अक्षता चिकटवल्या, आणि ओवाळलं. एकदा नाही, तीनदा, सावकाश. इतकी वर्षं चंद्राला ओवाळून हात तयार झाला होता. वैजूनं खिशातून घड्याळ काढून ताटात ठेवलं. “परीक्षेला मोबाईल चालत न्हाई,” तो म्हणाला, “म्हनून आनलं.” कपाळावरचं कुंकू तो पुनःपुन्हा बोटानं चाचपत होता.

भिमाजी पांढराफटक पडला. “तू मला शबूद दिला हुतास.”

“दिला हुता,” कडूबाई म्हणाली. “खोटा दिला हुता. तू पोरीला सोडत नव्हतास, आन मला दुसरं काय सुचलं न्हाई. सून म्हनल्याबिगर तू तिला शाळंत ऱ्हाऊ दिलं नसतंस. माजं चुकलं ते चुकलं. पर त्या चुकीचं तिनं का भरायचं? वैशाखात तिची परीक्षा हाय. तिला राहुरीला शेती शिकायचीय. तू आन मी जलमभर दुसऱ्याचा ऊस तोडला. तो कसा लावायचा हे आपल्या घरात पैल्यांदा कुनी शिकतंय. आता मला काय बोलायचं ते चार मानसांत बोल, मी ऐकून घेते.”

सगळे हनुमंतनानाकडं बघायला लागले. नानानं सुपारी काढली, तळहातावर फिरवली, आणि खाकरून म्हणाला, “पोरीनं ओवाळलं. आता ह्यात बोलन्यासारखं काय ऱ्हायलं न्हाई. भाऊ-भनीचं लगीन लावायला मी काय येडा न्हाई.” मग त्यानं अडकित्ता मागवला, सुपारी बारीक कातरली आणि चहावर खायला सगळ्यांना वाटून टाकली. एक तुकडा त्यानं भिमाजीच्या हातावरही ठेवला.

भिमाजी तो तुकडा हातात घेऊन तसाच उभा होता. “मला पोरगा न्हाई,” तो हळूच म्हणाला. “वैजू माजा हुईल असं वाटलं हुतं.”

“मामा,” वैजू पाटावरूनच म्हणाला, “जावई झालो असतो तर दर सनाला रुसून बसलो असतो. आता तुमच्या पोरींचा भाऊ झालो. रुसायची सोयच न्हाई.”

ट्रॉलीजवळून कुणीतरी हसलं, मग अंगणभर हसू पसरलं. भिमाजीला हसू आलं नाही, पण त्यानं सुपारी तोंडात टाकली. कडूबाईला तेवढं पुरलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. तिच्या छातीवरून नऊ वर्षांचं ओझं उतरलं होतं आणि तिला मोठ्यानं गावंसं वाटत होतं. पण ती चहा गाळायला लागली.

तेवढ्यात रंगुबाई उठली. इतका वेळ ती बाजूला बसून होती. नऊ वर्षांत तिची लेक दुसरीकडं मोठी झाली होती. उन्हाळ्यात घरी आलेल्या पंकजाला कुठली भाजी आवडते हे तिला दरवेळी विचारावं लागायचं. त्याचं तिला काय वाटलं, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ती चालत ट्रॉलीपाशी गेली, आकड्याला लटकलेलं दप्तर काढलं, आणि राजनंदिनीचा हात धरून कडूबाईसमोर येऊन उभी राहिली.

“वन्सं,” ती म्हणाली, “हिलाबी ठिवून घ्या. आन ह्या बारीला सून म्हनायची गरज न्हाई.”

कडूबाईच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. रंगुबाईनं मागं वळून नवऱ्याकडं बघितलं. “तुमी काय बोलू नका,” ती म्हणाली. “थोरलीला मी गप बसून धाडलं. हिला सांगून धाडते.” भिमाजी ट्रॉलीत चढला आणि राजनंदिनीच्या कपड्यांचं बोचकं हुडकून त्यानं खाली दिलं.

पंकजाची परीक्षा झाली, आणि ती राहुरीला शेती शिकायला गेली. लोकांनी पेढे खाल्ले, नाव काढलं, ते सगळं पुढं झालं. पण कडूबाईला विचारलं तर ती तो दिवस सांगत नाही. ती सांगते त्याच दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली ती सकाळ. शेळी पुन्हा व्यायला आली होती. कडूबाई बाहेर येऊन बघते तर राजनंदिनी गणवेश घालून, दप्तर बाजूला ठेवून शेळीजवळ बसलेली. कुणी सांगितलं नव्हतं. नव्या घरात आपला काही उपयोग झाला पाहिजे, हे पोरांना न सांगताच कळतं.

“आत्या, मी बघते हिच्याकडं,” ती म्हणाली. “तुमी जावा कामाला.”

कडूबाईनं तिचा दंड धरून तिला उठवलं, दप्तर पाठीवर अडकवलं, गणवेशाला लागलेलं गवत झटकलं आणि रस्त्यापर्यंत नेऊन सोडलं. पोरगी शाळेच्या फाटकातून आत जाईपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मग कांद्याच्या रानात आज येत नाही असा निरोप धाडला, आणि शेळीजवळ स्वतः बसली.